तिच्या हातची गाडी

"गाडी तिच्या हातची आहे, म्हणून म्हटलं दुसऱ्या कुणाला दाखवण्याआधी तुम्हाला विचारावं," असं बायकोच्या हॉस्पिटलातल्या एक्स-रेवाल्या बाई फोनवर म्हणाल्या, तेव्हा मास्तरांना वाटलं आपल्याच ऐकण्यात काहीतरी गफलत झाली. चहा कुणाच्या हातचा असतो, शिवण कुणाच्या हातचं असतं, फार तर अक्षर. गाडी कुणाच्या हातची असते हे त्यांनी एकतीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवूनही ऐकलं नव्हतं. समोर टेबलावर शोरूममधून आणलेली गुळगुळीत माहितीपत्रकं पसरली होती. मुलीनं सांगितलेल्या मॉडेलभोवती त्यांनी पेन्सिलनं गोल करून ठेवला होता आणि रंग पांढरा घ्यावा की राखाडी, एवढंच ठरायचं राहिलं होतं. "कुणाच्या हातची?" त्यांनी विचारलं. हॉस्पिटलातली कसलीशी ट्रॉली फरशीवरून कुरकुरत गेल्याचा आवाज फोनमधून आला आणि विरला. "तिच्याच की, आणखी कुणाच्या," बाई म्हणाल्या, आणि मग आवाज खाली आणून, "मास्तर, तुम्हाला ठाऊक नव्हतं? मला वाटलं निदान ती गेल्यावर तिचं लायसन्स तरी तुमच्या हाती लागलं असेल." "हो, हो. लागलं ना," मास्तर म्हणाले. असं का म्हणालो हे त्यांना कळलं नाही. "मग येताय बघायला? मी चारला सुटते. मागच्या पार्किंगमध्ये आहे." येतो, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला, आणि पेन्सिल उचलून त्या गोलावर आणखी एक गोल काढला, मग आणखी एक, कागद फाटेपर्यंत.

तिची पर्स कपाटात खालच्या कप्प्यात होती. नऊ महिने तिथंच होती. हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये, दोन मांडण्यांच्या मधल्या बोळकांडीत ती कामावर असतानाच खाली बसली आणि मग उठली नाही. त्या दिवशी ती पर्स कुणीतरी मास्तरांच्या हातात दिली होती आणि त्यांनी ती आणून जशीच्या तशी ठेवून दिली होती. उघडायची हिंमत झाली नव्हती असं ते मुलीला सांगत. खरं तर बायकोची पर्स उघडायची सवयच नव्हती. तीस-बत्तीस वर्षांच्या संसारात त्या पर्सकडून त्यांना कधी काही लागलं नव्हतं. आता चेन ओढताना ती मध्ये एकदा अडकली. आत रुमाल, डोकेदुखीच्या गोळ्या, हॉस्पिटलचं ओळखपत्र, चष्म्याचं रिकामं घर, आणि आतल्या खणात ते. अकरा वर्षांपूर्वीची तारीख. एकदा नूतनीकरणही झालेलं. फोटोत ती फोटोवाल्यांसमोर बसायची तशीच बसली होती, हनुवटी जरा वर, जणू कुणी तिच्यावर काही आळ घेतला आहे आणि ती त्याला उत्तर देणार नाही. मास्तरांनी आयुष्यात हजारो लायसन्सं हाताळली होती. पोरांची, पोरींची, निवृत्त लोकांची, परदेशी जाणाऱ्यांची. पाकिटातून काढून लोक त्यांना दाखवायला येत, पेढा नसला तरी पाया पडत. हे एक असं होतं की जे त्यांच्यापासून लपवलेलं होतं, आणि तेही त्यांच्याच कपाटात.

त्यांनी मुलीला फोन लावला. ती कामात होती. "बाबा, रंग ठरला का?" असं तिनं विचारलं. "तुझी आई गाडी चालवायची," मास्तर म्हणाले. प्रश्न म्हणून म्हणायचं होतं, पण तसं आलं नाही. मुलगी म्हणाली, "कुणी सांगितलं?" तेवढ्यावरून सगळं कळलं. "म्हणजे तुला माहीत होतं." "हो." "आणखी कुणाला?" "तसं सगळ्यांना नाही हो." "पण मला नाही." "तुम्हाला नाही," मुलगी म्हणाली, आणि तिच्या आवाजात दोष नव्हता म्हणूनच ते जास्त लागलं. "तिनं सांगू नको म्हटलं होतं. नंतर सांगून काय उपयोग होता, बाबा? तुम्ही आधीच..." तिनं वाक्य सोडून दिलं. "ते नवीन गाडीचं मात्र आता लांबवू नका. असले गुडघे घेऊन बसमध्ये चढायचं वय आहे का तुमचं? ती जुनी-बिनी बघत बसू नका." जुनी म्हणजे कुठली, हे तिनं विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही.

वास्तविक जुन्या गाडीची बाजू घरात आजवर मास्तरांचीच. गाडी घ्यायची ती दुसऱ्यानं माणसाळवलेली, असं ते वर्गात सांगत. नवशिक्याचे ओरखडे जुन्या रंगावर पडलेले बरे. नवी गाडी आणि नवा जावई, दोघांचे गुण वर्षानं कळतात, असंही एक वाक्य होतं, ते मुलगी लग्नाची झाल्यावर त्यांनी बंद केलं. स्कूलच्या सगळ्या गाड्या त्यांनी जुन्याच घेतल्या, शेजारच्या सीटच्या पायाशी दुसरा ब्रेक आणि दुसरा क्लच बसवून घेतला, आणि त्या अगदी टेकीला येईपर्यंत चालवल्या. दोन वर्षांपूर्वी स्कूल बंद केलं तेव्हा शेवटची गाडी भंगारात गेली. पण या नऊ महिन्यांत काहीतरी बिनसलं होतं. चार जुन्या गाड्या त्यांनी पाहिल्या आणि चारही नाकारल्या, आणि त्यांत दोष होता म्हणून नव्हे. मास्तरांना गाडी वाचता येत असे. ब्रेक-क्लचच्या पायपट्ट्यांचं रबर कुठं झिजलंय, हँडब्रेक कितव्या दातावर धरतो, स्टिअरिंगचं कातडं कुठल्या बाजूला गुळगुळीत झालंय, यावरून माणूस तापट की भित्रा, एकटा हिंडणारा की घरची चार माणसं वाहणारा, हे ते सांगत, आणि विद्यार्थ्यांना तो मोठा चमत्कार वाटे. आता ते वाचणं नको झालं होतं. एका गाडीच्या मागच्या काचेवर लहान मुलानं चिकटवलेला मासा कुणीतरी पात्यानं खरवडला होता, शेपटी तेवढी राहिली होती. ती शेपटी बघून मास्तर विकणाऱ्याला काही न बोलता फाटकातून बाहेर पडले होते. कुणाच्या तरी उठून गेलेल्या घरात आपण जागा बघत फिरतोय असं वाटलं. ज्या गाडीत अजून कुणी बसलेलंच नाही, जिच्याकडे सांगण्यासारखं काहीच नाही अशी गाडी हवी, असं त्यांनी मुलीला सांगितलं नव्हतं. नवीच घेतो, एवढंच म्हटलं होतं, आणि ती खूश झाली होती.

बसमध्ये गर्दी नव्हती. हॉस्पिटलला जाणारी ही बस ती रोज पकडायची. म्हणजे ती पकडते असं ते समजत होते. खिडकीशी बसल्यावर त्यांना ते चढावाचं आठवलं, आणि आठवलं म्हणजे ते कधी विसरलं गेलंच नव्हतं. तेव्हा ती पस्तिशीची असेल, मुलगी शाळेत. "मलाही शिकवा की," ती म्हणाली होती, भाजी निवडता निवडता, सहज म्हणाल्यासारखं, पण आठवडाभर जुळवून ठेवलेलं असावं. सुट्टीच्या सकाळी मास्तरांनी तिला गाडीत घातलं. सपाट रस्त्यावर ती बरी चालवत होती. जरा जास्तच सावकाश, पण बरी. पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या चढावर गाडी बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद पडली, आणि मागे घरंगळली. मागे एक ट्रक होता. मास्तरांनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला, गाडी थांबली, काही झालं नाही, काही होणारही नव्हतं. पण ते ओरडले. कुठल्याही विद्यार्थ्यावर ते कधी ओरडले नव्हते. मास्तरांचा आवाज चढत नाही म्हणून तर बायका त्यांच्याच स्कूलमध्ये नाव घालत. तिच्यावर ओरडले. "उतर. तुझ्याच्यानं हे व्हायचं नाही." ती उतरली. दार तिनं आपटलं नाही, अगदी हलक्या हातानं लावलं, आणि रस्त्याच्या कडेनं चालू लागली. मास्तर गाडी फिरवून तिच्या मागून तिच्याच चालीनं येत राहिले, एकदा हॉर्नही वाजवला. तिनं मान वळवली नाही. गाडी लावून आत आले तेव्हा चहा ठेवलेला होता. त्या गोष्टीवर दोघांत पुन्हा एक अक्षर निघालं नाही, आणि मास्तरांनी समजूत करून घेतली की विषय मिटला. ज्या विषयावर माणूस बोलत नाही तो मिटलेला असतो अशी त्यांची तेव्हा पक्की समजूत होती.

पार्किंगमध्ये एक्स-रेवाल्या बाई गाडीपाशीच उभ्या होत्या. उंच, हाडापेरानं मोठ्या, एका पायावर भार टाकून. तिची ही एकुलती एक मैत्रीण. घरी दोन-चारदा आलेली, पण मास्तरांशी बोलणं म्हणजे या, बसा, एवढंच. "आलात," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडाकडे बघून, "लायसन्स लागलं होतं ना हाताला?" "आज लागलं," मास्तर म्हणाले. बाईंनी मान हलवली. गाडी लहान होती, निळी, बारा वर्षांची. विकायची म्हणून बाईंनी ती धुऊनपुसून, आतून शाम्पू करून आणली होती, आणि दार उघडल्याबरोबर त्या शाम्पूचा कृत्रिम लिंबाचा वास आला. मास्तर ज्या आशेनं वाकले होते ती काय होती हे त्यांना तो वास आल्यावर कळलं. केस, टाचणी, बसचं तिकीट, साडीचा एखादा धागा, काहीच नव्हतं. पायपुसणीसुद्धा नवीन. आजवर धुतलेली गाडी बघून ते विकणाऱ्याचं मनात कौतुक करत आले होते. ते स्टिअरिंगमागे बसले आणि त्यांनी करायचं तेच केलं, कारण दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं. गाडी वाचायला घेतली.

पायपट्ट्यांचं रबर मूळचंच होतं. क्लचची पट्टी मधोमध झिजलेली, कडेला नाही. म्हणजे पाय सरळ येऊन सरळ जात होता. मास्तरांनी गाडी चालू केली, क्लच दाबला आणि हळूहळू सोडत आणला. अर्ध्याच्या जरा अलीकडे गाडीनं अंग उचललं, जिथं नव्या गाडीनं उचलावं तिथं. "क्लचप्लेट कधी बदलली?" त्यांनी विचारलं. बाई दाराला टेकून उभ्या होत्या. "नाहीच बदलली." "बारा वर्षांत?" "माझ्याकडे असती तर तीनदा बदलावी लागली असती. मी एक वर्ष चालवली, मग माझं कंबरेचं ऑपरेशन झालं. त्यानंतर चालवायची तीच. मी आपली शेजारी." मास्तरांनी पुन्हा क्लच दाबला, पुन्हा सोडला. क्लचवर पाय ठेवून बसू नका, तो पायरीचा दगड नाही, हे सांगून सांगून त्यांच्या जिभेला घट्टे पडले होते. शंभरातले नव्वद ऐकत नसत. सिग्नलला, उतारावर, गप्पा मारताना, पाय आपला क्लचवर, आणि प्लेट जळत राहायची. ज्यानं हे एकदाही केलं नाही असा विद्यार्थी त्यांना मिळाला नव्हता. गिअरचा दांडा त्यांनी बोटांनी हलवून पाहिला. दुसऱ्यात जाताना जराही खर नाही. हँडब्रेक चौथ्या दातावर. उतरून पाहिलं तर टायर चारी सारखे झिजलेले, कुठं एका बाजूला खाल्लेले नाहीत. लायसन्स बघून जे झालं नव्हतं ते या टायरांनी केलं. मास्तर खाली उकिडवे बसले होते ते तसेच बसून राहिले, टायरवर हात ठेवून, आणि बाईंना वाटलं त्यांचा गुडघा अडकला. "उठवू का?" "नको," मास्तर म्हणाले, "बघतोय."

"शिकवलं कुणी?" टायरवरचा हात न काढता त्यांनी विचारलं. बाई हसल्या नाहीत, पण हसल्यासारखं तोंड झालं. "गाडी माझी, म्हणून मी शेजारी बसायचे इतकंच. मला कुठं शिकवता येतंय? तिला सगळं पाठ होतं. गाडीत बसली की तोंडानं म्हणायची. आधी आरसा, मग सिग्नल, मग मान वळवून बघायचं, कारण आरसा अर्धंच खरं सांगतो. पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसली पाहिजेत. घाई झालेल्याला आधी जाऊ द्यावं. मी म्हटलं, हे कुठून गं? तर म्हणाली, आमच्या बाहेरच्या खोलीत रोज संध्याकाळी वर्ग भरतो, मी आत पोळ्या लाटते. भिंत पातळ आहे." मास्तर टायरकडे बघत होते. संध्याकाळचा तो वर्ग त्यांना दिसला, फळ्यावर खडूनं काढलेला चौक, खडूनं काढलेल्या गाड्या, सतरंजीवर बसलेली दहा-पंधरा माणसं. आतून लाटण्याचा आवाज येत असे आणि मध्येच थांबे. तो थांबला की मास्तरांना वाटे, पीठ संपलं. "परीक्षेला पहिल्या फटक्यात पास झाली," बाई सांगत होत्या. "आणि मग दर गुरुवारी." "गुरुवारी जुन्या फायली निकालात काढायच्या असायच्या," मास्तर म्हणाले. "तसंच सांगायची का?" बाईंनी विचारलं. दर गुरुवारी ती दोन तास उशिरा यायची. मास्तर म्हणायचे, तुमच्या त्या साहेबाला सांग, बायकामाणसांना उशिरापर्यंत थांबवू नये. ती म्हणायची, सांगते. गुरुवारी तिचं जेवण जास्त जायचं, हे त्यांना आता आठवलं. भूक लागलेली असायची. तोंडावर ऊन लागल्यासारखं काहीतरी असायचं, आणि फायलींच्या धुळीनं माणूस असं टवटवीत कसं होतं असा प्रश्न, ज्याला पायपट्टीवरून माणूस ओळखता यायचा, त्या माणसाला कधी पडला नाही.

"कुठं जायचात?" "कुठं म्हणजे कुठंच नाही. गावाबाहेर, टोलनाक्यापर्यंत, आणि परत. टोलनाक्याच्या अलीकडे थांबून शेंगदाणे खायचे आणि परत. कधी बोलायची, कधी नाही. न बोलता चालवायला तिला आवडायचं." बाई पुढे म्हणाल्या, "जाताना चढावानं जायची, टाकीच्या. सरळ रस्ता आहे तरी तिथूनच. वर मध्यावर गाडी उभी करायची, मुद्दाम, आणि हाफ क्लचवर उचलायची. इंचभर मागे जाऊ द्यायची नाही. मला पहिल्यांदा भीती वाटायची. नंतर कळलं, ही तिची पूजाच आहे म्हणून." त्या चढावावर काय घडलं होतं हे बाईंना ठाऊक होतं की नव्हतं ते त्यांच्या चेहऱ्यावरून समजेना, आणि विचारायचा धीर मास्तरांना झाला नाही. त्यांनी दार लावलं. हलक्या हातानं लावलं.

"मग? घेताय ना?" बाई म्हणाल्या. "माझं आता खाली-वर बसणं होत नाही. पुतण्या म्हणतो विकून टाक, बाहेर दोघं-तिघं विचारतायत. पण मला वाटलं तुमच्याकडे असावी." घ्यायची, हे मास्तरांनी मनात ठरवलंही होतं. क्लच सुटतानाच ठरलं होतं. मुलीला काय सांगायचं तेसुद्धा जुळवून झालं होतं. ही गाडी घरासमोर उभी राहील, सकाळी आपण तिच्यावर फडकं मारू, गुरुवारी टोलनाक्यापर्यंत जाऊ. त्यांनी स्वतःला टोलनाक्याच्या अलीकडे शेंगदाणे खाताना पाहिलं, आणि तिथंच काहीतरी खुपलं. शेंगदाणे खाणाऱ्या त्या माणसाला तिथं कुणी बोलावलं नव्हतं. अकरा वर्षं, दर आठवड्याला, तिला त्यांना बोलावता आलं असतं, आणि तिनं बोलावलं नव्हतं. "बाई, मला घरी सोडाल का?" मास्तर म्हणाले. "यातून." "तुम्ही चालवा की. बघा तरी चालवून." "नको. तुम्हीच चालवा." आणि फिरून जाऊन ते शेजारच्या सीटवर बसले. बाईंनी कंबर सांभाळत स्टिअरिंगमागे बैठक मारली. त्यांनी गाडी वाईट चालवली. क्लचवर पाय ठेवूनच चालवली, दुसऱ्या गिअरमध्ये हिसका दिला, वळणावर आरसा पाहिला नाही. मास्तरांचा पाय तिथं नसलेल्या ब्रेकवर दोनदा गेला. बोलले मात्र काही नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या शेजारी बसून ते काही बोलले नाहीत, आणि न बोलणं किती अवघड असतं ते त्यांना त्या पाच-सहा किलोमीटरमध्ये समजलं. तिनं ते अकरा वर्षं केलं होतं.

"तिला कधी सांगावंसं वाटलं नाही मला?" गल्लीशी येताना त्यांनी विचारलं. हे विचारायचं नाही असं त्यांनी बसल्या बसल्या दहा वेळा ठरवलं होतं. बाईंनी गाडी हळू केली. "वाटलं होतं. एकदा," त्या म्हणाल्या, आणि मास्तरांच्या दारापर्यंत जाण्याऐवजी त्यांनी गाडी अलीकडेच, विजेच्या खांबापाशी थांबवली. "इथं लावली होती. हा खांब आणि पलीकडे तेव्हा एक टेम्पो उभा असायचा, त्याच्या मधे. मी म्हटलं, अगं बसणार नाही. एका दमात बसवली. मग म्हणाली, चल, आपण समोर उभ्या राहू, आता त्यांची सहाची बॅच सुटेल. आम्ही त्या औषधाच्या दुकानात जाऊन उभ्या राहिलो. तुम्ही आलात, तीन-चार पोरं होती बरोबर. गाडीपाशी थांबलात. खाली वाकून चाक आणि कडेचा दगड यांच्यात वीत लावून पाहिलीत आणि पोरांना म्हणालात, बघा, याला म्हणतात गाडी लावणं. चाकं सरळ, वीतभर अंतर. ज्यानं कुणी लावलीय त्याला गाडी कळते." "मग?" मास्तर म्हणाले. "मग ती पायरी उतरली. रस्ता ओलांडायला निघालीच होती." "मग?" "जाऊ द्या ना, मास्तर." "सांगा." बाईंनी स्टिअरिंगवरचा हात काढून मांडीवर घेतला. "मग तुम्ही पोरांना म्हणालात, नाहीतर आमच्या घरी एक गिऱ्हाईक आहे, पंचवीस वर्षांत माझ्या हातून नापास झालेलं एकच. पोरं हसली. ती परत पायरी चढली." एक सायकल घंटी वाजवत गाडीला वळसा घालून गेली. "मला वाटलं रडेल," बाई म्हणाल्या. "रडली नाही. दुकानातून सर्दीची गोळी घेतली, आता उभ्या राहिलो तर काहीतरी घ्यायला हवं म्हणाली. गाडीत बसल्यावर मी म्हटलं, काय माणूस आहे गं तुझा. तर म्हणाली, असू दे. पहिलं वाक्य माझं होतं, ते मला मिळालं. दुसरं त्यांचं आहे, त्यांच्याकडे राहू दे."

मास्तर उतरले. खिडकीत वाकून ते म्हणाले, "गाडी दुसऱ्या कुणाला द्या, बाई. एखाद्या शिकणाऱ्या बाईला मिळाली तर बघा. क्लच चांगला आहे, तिला त्रास होणार नाही." "आणि तुम्ही?" "मी नवी घेतो," मास्तर म्हणाले. "मला नवीच घ्यायला हवी." बाईंनी जास्त विचारलं नाही. गिअर टाकताना खर्र आवाज झाला, गाडी हिसका देऊन निघाली आणि कोपऱ्यावर, सिग्नल न देता, वळली.

मास्तर खांबापाशी उभे राहिले. टेम्पो आता नव्हता, तिथं कुणाचीतरी कचऱ्याची पिंपं होती. जागा अरुंद होती. आपल्यालाही दोनदा मागेपुढे करावं लागलं असतं असं त्यांना वाटलं. ते तो दिवस आठवू लागले. पोरं कोण होती, पावसाळा होता की उन्हाळा, गाडी निळी होती हे तरी दिसलं होतं का. घरी येऊन ती काय म्हणाली असेल, सर्दीची गोळी तिनं कुठं ठेवली असेल. दुसरं वाक्य त्यांना लख्ख आठवत होतं. ते त्यांचं ठेवणीतलं वाक्य होतं, वर्षाच्या संख्येत तेवढा दर साल बदल व्हायचा, आणि ते कुठं थांबून म्हणायचं, पोरं कधी हसतात, आतून चहा घेऊन ती येत असली तर किंचित मोठ्यानं कसं म्हणायचं, हे सगळं त्यांच्या कानात जसंच्या तसं होतं. पहिलं मात्र आठवेना. वाकलो असू, वीत लावली असेल, म्हणालो असू. त्यांनी खाली वाकून रिकाम्या रस्त्यावर, कडेच्या दगडाला करंगळी टेकवून वीत ठेवली, आणि ते वाक्य हळूच, तिला म्हणावं तसं म्हणून पाहिलं. औषधाच्या दुकानातला माणूस काऊंटरवर हात टेकून त्यांच्याकडे बघत होता.